प्लेटलेट भरपूर, तरी रक्त थांबत का नाही?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. पाळी येऊन दीड वर्ष झालं. अगदी पहिल्या पाळीपासून तिला नऊ-दहा दिवस अंगावरून जातं. पहिले तीन दिवस दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रात्रीही दोनदा उठते. मोठाल्या गाठी पडतात. गेल्या महिन्यात शाळेत चक्कर आली म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.8, प्लेटलेट 4 लाख 70 हजार. सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, प्लेटलेट भरपूर आहेत, रक्तात दोष नाही, वयात येताना होतं असं. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी पोट दुखायचं थांबतं, रक्त नाही. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, गुलकंद दे. शेजारीण पपईच्या पानांचा रस द्यायला सांगते. गाठी पडतात म्हणजे रक्त गोठतंय ना? मग थांबत का नाही?

आता दाढही काढायची आहे. धाकट्या मुलाचा उन्हाळ्यात घोळणा फुटतो, पण ते उन्हामुळेच असणार. मलाही पाळीत पहिल्यापासून जास्तच जायचं. बाळंतपणं नीट झाली, फक्त थोरलीच्या वेळी बारशानंतर इतकं गेलं की पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. सासूबाई म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याच. त्यांची पिशवी पस्तिशीतच काढली. मुलीचं पुढे लग्न व्हायचंय, म्हणून मोठ्या दवाखान्यात नेऊन तिच्या नावावर काही लागू नये असं घरात सगळ्यांना वाटतं. काय करू?
– एक आई, बार्शी

उत्तर :

ताई, तुमच्या पत्राचा दुसरा परिच्छेद मी पहिल्याच्या आधी वाचायला हवा होता, इतकं त्यात आहे. तुमची पाळी, बारशानंतरचं अंगावरून जाणं, आत्यांची पिशवी, धाकट्याचा घोळणा, हे सगळं तुम्ही जाता जाता लिहिलंय. मुलीच्या रिपोर्टसोबत हा परिच्छेद डॉक्टरांसमोर ठेवला असता, तर बहुधा ‘रक्तात दोष नाही’ हे वाक्य इतक्या झटकन आलं नसतं.

तुमच्या डॉक्टरांचं सगळंच चुकलं असंही म्हणणार नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बऱ्याच मुलींमध्ये दर महिन्याला बीज सुटत नाही. बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसतंच वाढत राहतं आणि मग अवेळी, भरपूर, बरेच दिवस जातं. या वयातल्या जास्त रक्तस्रावाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच. पण ज्या मुलींना इतकं जातं की दवाखाना गाठावा लागतो, त्यांच्यात पाचातल्या एकीपर्यंत रक्त थांबवण्याच्या यंत्रणेतच दोष सापडतो. तुमच्या मुलीला पहिल्याच पाळीपासून त्रास आहे, आणि घरात आधीच्या दोन पिढ्यांत तसाच त्रास दिसतो. त्यामुळे तिला आधी दुसऱ्या गटात धरून तपासावं, तपासात काही निघालं नाही तर पहिल्या गटात टाकावं, असं माझं मत आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा हे उलटं होतं.

आता प्लेटलेटचं. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावरचा आकडा म्हणजे फक्त शिरगणती. 1.5 लाख ते 4.5 लाख ही नेहमीची मर्यादा, मुलीच्या त्याहून थोड्या जास्त आहेत. त्या काम करतात की नाही, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. पावसात शेताचा बांध फुटला तर आपण वाळूची पोती टाकतो. पोती कितीही असली तरी पहिलं पोतं काठाला धरून बसलं पाहिजे आणि पुढची त्याला चिकटली पाहिजेत, नाहीतर पाण्याबरोबर वाहून जातात. रक्तवाहिनी फाटते तेव्हा प्लेटलेटला फाटलेल्या जागी धरून ठेवायचं काम वॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं एक लांबलचक प्रथिन करतं. मग प्लेटलेट चपट्या होतात, त्यांच्या पृष्ठभागावरचे हुक उघडतात आणि फायब्रिनोजेन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या आधाराने त्या एकमेकींत गुंततात. त्यावर फायब्रिनचं, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांचं, जाळं बसलं की काम पक्कं. यातली एकही पायरी कच्ची असली, तर प्लेटलेट पाच लाख असूनही रक्त वाहत राहतं.

मग मुलीच्या प्लेटलेट वाढलेल्या का? अंगातलं लोह खूप कमी झालं की अस्थिमज्जा बऱ्याचदा जास्त प्लेटलेट बनवते. म्हणजे ज्या आकड्याने सगळ्यांना निर्धास्त केलं, तो बहुधा रक्त गेल्याचाच परिणाम आहे. पपईच्या पानांचा रस या घरात येण्याचं काही कारणच उरत नाही. डेंग्यूतला त्याचा उपयोगही वादातला आहे, आणि इथे तर संख्या कमी नाहीच. गुलकंद आवडत असेल तर खाऊ द्या. उष्णतेने पाळीत दहा दिवस जात नाही.

गाठींबद्दल तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत, कारण हा गैरसमज डॉक्टरांच्या खुर्चीसमोरही रोज ऐकू येतो. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तराला रक्त पुरवणाऱ्या नागमोडी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, अस्तर सुटून येतं आणि त्या वाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. पहिल्या काही तासांत ती तोंडं बुजवायचं काम प्रामुख्याने प्लेटलेटचं. पण हातावर जखम झाली की जशी जाड खपली धरते, तशी गर्भाशयात धरत नाही. तिथे गोठलेलं रक्त विरघळवणारा प्लाझमिन हा घटक मोठ्या प्रमाणात तयार होतो. तो नसता तर गर्भाशयाच्या पोकळीत रक्त घट्ट होऊन बसलं असतं. म्हणून पाळीचं रक्त एरवी पातळ दिसतं. ते आत एकदा गोठून पुन्हा विरघळलेलं असतं. स्राव इतका वेगाने येऊ लागला की विरघळवणाऱ्याला वेळच मिळत नाही, तेव्हा पॅडवर गाठी दिसतात. छोट्या गाठी कुणालाही पडतात. अडीच सेंटिमीटरहून मोठ्या, दर पाळीत, याचा अर्थ रक्त जास्त जातंय एवढाच. आत रक्त नीट गोठतंय याचा तो पुरावा नव्हे.

हे कोडं नवीन नाही. फिनलंडमधले डॉ. एरिक वॉन विलेब्रँड यांच्याकडे आलांड बेटांवरच्या फोग्लो इथून योर्डिस नावाची पाच वर्षांची मुलगी आली होती. तिच्या काही बहिणी रक्तस्रावानेच लहानपणी गेल्या होत्या. डॉक्टरांनी प्लेटलेट मोजल्या तर त्या व्यवस्थित, पण टोचलेल्या जागेचं रक्त थांबायला खूप वेळ लागत होता. त्यांनी त्या सगळ्या घराण्याचा वंशवृक्ष काढला आणि 1926 साली या आजाराचं वर्णन छापलं. हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या आजारासारखा, पण मुलींनाही होणारा. योर्डिस तेराव्या वर्षी चौथ्या पाळीत रक्त जाऊन गेली. हे सांगून तुम्हाला घाबरवायचं नाहीये. आज औषधं आहेत, आणि तुमच्या मुलीच्या डझनावर पाळ्या होऊन गेल्यात, म्हणजे तिचा त्रास त्या टोकाचा नाही. सांगायचं ते इतकंच की नॉर्मल प्लेटलेट आणि न थांबणारं रक्त एकाच माणसात असू शकतं, हे वैद्यकाला शंभर वर्षं माहीत आहे.

याच डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाणारा वॉन विलेब्रँडचा आजार हा जन्मजात रक्तस्रावी दोषांतला सगळ्यात जास्त आढळणारा. त्याचा सौम्य प्रकार आई किंवा बाप, कुणाही एकाकडून येऊ शकतो. तुमच्या बारशानंतरच्या त्रासाकडे मी या नजरेने बघते. गरोदरपणात हा फॅक्टर आपोआप वाढतो, म्हणून बाळंतपण सुखरूप होतं. नंतरच्या एक-दोन आठवड्यांत तो मूळ पातळीवर उतरतो, आणि नेमकं तेव्हाच जास्त जायला लागतं. प्रत्येक वेळी कारण हेच असतं असं नाही, वार राहिल्यामुळेही असं होतं. पण आत्या, तुम्ही आणि लेक अशी साखळी समोर असताना ते सोडून देता येत नाही.

दुसरी शक्यता प्लेटलेटच्याच जन्मजात दोषाची. ग्लान्झमान थ्रॉम्बास्थेनियामध्ये प्लेटलेट मोजायला पुरेपूर असतात, पण एकमेकींना धरणारा हुकच नसतो. बर्नार्ड-सूलिए नावाच्या दोषात वॉन विलेब्रँड फॅक्टरला धरणारा भाग नसतो, शिवाय प्लेटलेट आकाराने राक्षसी असतात, इतक्या की सीबीसीचं यंत्र त्यांना प्लेटलेट म्हणून मोजतही नाही. हे दोन्ही दुर्मिळ आजार आई आणि वडील, दोघांकडूनही दोष आला तरच होतात. म्हणून आत्येच्या मुलाशी लग्न झालेल्या घरात डॉक्टर त्यांची आठवण ठेवतात. तुमचं लग्न कुणी चुकीचं ठरवत नाहीये. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे अशी लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. फक्त डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

आता कामाचं. स्त्रीरोगतज्ज्ञ सोडू नका, पण मुलीला एकदा हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाकडे न्या. तुम्हाला पुणे जवळ पडेल. मुंबईला जाणं जमत असेल तर परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातच आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, रक्तस्रावी आजारांचं निदान हे तिथलं नेहमीचं काम. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या पीटी आणि एपीटीटी या तपासण्या बार्शीतही होतील. त्या नॉर्मल आल्या म्हणून थांबू नका, वर सांगितलेल्या आजारांत त्या बऱ्याचदा नॉर्मलच येतात. रक्ताचा थेंब काचेवर पसरून माणसाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेला स्मीअर हवा, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन हवं, थायरॉइड हवं, आणि वॉन विलेब्रँड फॅक्टरची पातळी व काम दोन्ही हवं. सुईला घाबरून रडणाऱ्या मुलीत हा फॅक्टर तात्पुरता वाढतो, आणि ‘ओ’ रक्तगटात तो मुळातच जरा कमी असतो. त्यामुळे एका रिपोर्टवर निकाल लागत नाही, पुन्हा बोलावलं तर वैतागू नका.

प्लेटलेटच्या कामाची तपासणी मात्र जरा पाहण्यासारखी असते. रक्त फिरवून वरचा पिवळसर, गढूळ भाग काढतात. त्यात प्लेटलेट तरंगत असतात. त्या नळीतून प्रकाश सोडतात आणि एक-एक रसायन घालत जातात : एडीपी, कोलॅजन, ॲड्रेनालिन. प्लेटलेट ठणठणीत असतील तर त्या गोळा होऊन बसतात, द्रव स्वच्छ होतो आणि पलीकडे जास्त प्रकाश पोचतो. शेवटी रिस्टोसेटिन घालतात. हे एकेकाळचं प्रतिजैविक, रुग्णांच्या प्लेटलेट घटवतं म्हणून बाजारातून गेलं आणि प्रयोगशाळेत कायमचं राहिलं. ग्लान्झमानमध्ये प्लेटलेट फक्त रिस्टोसेटिनने गोळा होतात, बाकी कशाने नाही. बर्नार्ड-सूलिएत बरोबर उलटं. यासाठी रक्त ताजं लागतं, काढल्यापासून साधारण चार तासांत तपासणी संपावी लागते. म्हणून ‘इथेच सँपल घेतो, पुण्याला पाठवतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. मुलीनेच तिथे जायला हवं.

आणि जाण्याआधी सात ते दहा दिवस दुखण्याच्या गोळ्या बंद, कारण त्या प्लेटलेटचं काम मंदावतात आणि रिपोर्ट फसवा येतो. इथे तुमच्या घरातल्या गोळ्यांची पाकिटं काढून मागचा मजकूर वाचा. पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या गोळीत मेफेनॅमिक ॲसिड असतं. गंमत अशी की ज्या बाईच्या रक्तात काही दोष नाही, तिचा स्राव या गोळीने थोडा कमीच होतो. म्हणून डॉक्टर ती देतात आणि त्यात चूक काही नाही. पण प्लेटलेट किंवा वॉन विलेब्रँड फॅक्टर आधीच दुबळा असेल, तर हीच गोळी उलटू शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकचंही तेच. ॲस्पिरिन तर सगळ्यांत वाईट, एकदा घेतलेल्या गोळीने बिघडलेली प्लेटलेट मरेपर्यंत बिघडलेलीच राहते, म्हणजे आठवडा-दहा दिवस. निदान होईपर्यंत दुखण्यावर पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी. कंबरेत किंवा दंडात इंजेक्शन घेऊ देऊ नका, लोहाचं असो की दुखण्याचं, स्नायूत रक्त साकळू शकतं.

रक्त कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध आहे. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने ते 1962 साली जगापुढे आणलं. वर ज्या प्लाझमिनबद्दल लिहिलं त्याला ते आवर घालतं, बसलेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. त्यामुळे मूळ दोष कुठलाही असो, त्याचा उपयोग होतो. फक्त आपल्या दुकानांत ते बहुधा मेफेनॅमिक ॲसिडसोबत एकाच गोळीत मिळतं, आणि मला वाटतं तुमच्या मुलीला दिलेली गोळी तीच असावी. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘यातलं नुसतं ट्रॅनेक्झॅमिक मिळेल का?’ किती आणि किती दिवस, ते त्यांनी ठरवायचं. दुकानदाराने नाही. कदाचित ते हार्मोनच्या गोळ्याही सुचवतील. गर्भनिरोधक गोळ्या त्याच, म्हणून घरात कुणी दचकेल. अशा मुलींसाठी त्या फार कामाच्या असतात, अस्तर पातळ ठेवतात, चौदाव्या वर्षी दिल्याने पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. जमलं तर त्या सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या, कारण त्यातल्या इस्ट्रोजेनने फॅक्टर वाढतो आणि सौम्य दोष झाकला जाऊ शकतो. पण मुलीला खूप जात असेल तर तपासणीच्या नादात औषध लांबवायचं नाही.

हिमोग्लोबिन 7.8 हा आकडा हलका नाही. जागतिक आरोग्य संघटना 8 च्या खाली तीव्र रक्तक्षय म्हणते. निरोगी मुलीच्या 100 मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे 40 मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. जेवणातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम अंगी लागतं. खजूर, गूळ, बीट खुशाल द्या, पण या हिशेबात ते कुठेच पुरत नाहीत. गोळ्या लागतीलच, त्या नाही सोसल्या तर शिरेतून लोह देता येतं. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर द्या, चहाबरोबर नको. हिमोग्लोबिन 12 झालं म्हणून लगेच थांबवू नका, साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

मुलीला एक कागद द्या. 1990 साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एक सोपा तक्ता काढला होता : जेमतेम डागलेलं पॅड 1 गुण, अर्धंमुर्धं भिजलेलं 5, पूर्ण भिजलेलं 20. लहान गाठ 1, मोठी 5. पाळीभरातली बेरीज 100 च्या वर गेली की रक्त 80 मिलिलिटरच्या वर, म्हणजे जास्त, असं धरतात. हे तिनेच लिहावं. ‘खूप जातं’ या शब्दांनी डॉक्टरांना काही कळत नाही, आणि डॉक्टर पुरुष असेल तर ती तेवढंही बोलणार नाही. दर तासाला पॅड भिजून दोन तास उलटले, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, धाप लागली किंवा छातीत धडधडलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत.

नावावर लागण्याचं म्हणाल, तर आत्यांना एकदा शांतपणे विचारा की त्यांची पिशवी काढण्याआधी कुणी त्यांचं रक्त तपासलं होतं का. नसणारच. निदान झालं असतं तर गोळ्यांवर निभावलं असतं का, हे आता कुणी सांगू शकत नाही, पण पस्तिशीतल्या बाईला ती संधी मिळायला हवी होती. तुमच्या मुलीची फाइल घरात लपवली तरी तिचं रक्त लपणार नाही, आणि पहिल्या बाळंतपणात ते कळणं फार महागात पडतं. निदान माहीत असलेल्या मुली शिकतात, खेळतात, लग्न करतात, बाळंत होतात, फक्त डॉक्टरांना आधी सांगून. हे सगळं तिच्यासमोर बोला. दीड वर्ष ती रात्री दोनदा उठतेय, तिला याचं नाव ऐकून धक्का बसण्यापेक्षा सुटल्यासारखंच वाटेल.

दाढ रिपोर्ट येईपर्यंत थांबवा. फारच ठणका असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधी हे सगळं सांगा, ते हिमॅटॉलॉजिस्टशी बोलून दाढ काढण्याआधी आणि नंतर औषध देऊ शकतात. वॉन विलेब्रँडचा आजार मुलगे-मुली बघून येत नाही, मुलींना दर महिन्याला त्याची परीक्षा द्यावी लागते इतकंच. तेव्हा पुण्याला जाताना धाकट्यालाही सोबत न्या. त्याचा घोळणा किती वेळ वाहतो, दहा मिनिटं दाबून धरल्यावर थांबतो का, खेळताना काळेनिळे डाग पडतात का, हे आधी लिहून ठेवा. तुमचंही रक्त त्याच खेपेत द्या. तुमच्या दवाखान्यातल्या त्या बारशानंतरच्या मुक्कामाचा कागद सापडला तर तोही पिशवीत टाका.